फुशिया मेलं का? आणि नसेल मेलं तर सध्या आहे कुठं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की गूगलचं फुशिया, म्हणजे त्यांनी लिनक्स न घेता नव्यानं लिहिलेला ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम), आता संपल्यात जमा आहे का, तुमच्या टीममधले काही जण नवीन टचस्क्रीनवाल्या डिव्हाइससाठी त्याचा विचार करतायत तर करू द्यावा का, आणि सिस्टिम्स प्रोग्रामिंग शिकायला लागलेल्या माणसानं त्यात वेळ घालवावा का. ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, आधीच सांगून टाकतो. संपलेलं नाही, प्रॉडक्टसाठी घेऊ नका, शिकायला मात्र जरूर घ्या. आता का ते सांगतो, जरा लांबेल. मी बरीच वर्षं एम्बेडेड लिनक्स (छोट्या डिव्हाइसवरचं लिनक्स), ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) आणि बोर्ड ब्रिंग-अपचं (नवा बोर्ड पहिल्यांदा चालू करायचं) काम करतोय, त्यामुळे माझं बघणं खालून वर असतं, यूआय किती देखणा आहे यात मला फारसा रस नाही हे आधीच लक्षात घ्या.

पटकन हिस्टरी. ऑगस्ट २०१६ मध्ये गूगलनं कसलीही घोषणा न करता हा कोड सगळ्यांना दिसेल असा टाकला. सोबत एक ओळ होती, पिंक अधिक पर्पल म्हणजे फुशिया. पिंक म्हणजे ॲपलचा जुना रखडलेला ओएस प्रोजेक्ट आणि पर्पल म्हणजे पहिल्या आयफोनचं आतलं नाव, त्यामुळे ज्यांना ही नावं माहीत होती त्यांना लगेच कळलं की इथं जुनीजाणती माणसं बसलीत. त्याच्या कर्नलचं, म्हणजे ओएसच्या गाभ्याचं, नाव आधी मॅजेंटा होतं, २०१७ मध्ये झिरकॉन झालं. हा कर्नल ट्रॅव्हिस गाइसेलब्रेख्टच्या एलके म्हणजे लिटल कर्नलवरून वाढवलेला आहे, आणि हा माणूस बीओएस नावाच्या जुन्या ओएसवर काम केलेला. एलके हे नाव तुम्ही ऐकलं नसेल पण ते तुमच्या खिशात असू शकतं, कारण कितीतरी अँड्रॉइड फोनचे बूटलोडर (फोन चालू करताना ओएस उठवणारा कोड) एलकेवर आहेत आणि अँड्रॉइडचा ट्रस्टी नावाचा जो सिक्युअर भागातला छोटा ओएस आहे तोही त्याच घराण्यातला. हे आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढे भविष्याबद्दल बोलताना लागेल.

आता यात भारी काय आहे. झिरकॉनमध्ये प्रोसेसला जगाकडे बघायला एकच वाट असते, हँडल. मेमरीचा तुकडा असेल, दुसरी प्रोसेस असेल, मेसेज पाठवायचं चॅनल असेल, इंटरप्ट असेल, सगळ्याला हँडल, आणि प्रत्येक हँडलवर हक्क लिहिलेले असतात, हा फक्त वाचू शकतो, हा दुसऱ्याला देऊ शकतो, हा कॉपी करू शकतो वगैरे. लिनक्समध्ये रूट म्हणजे सगळ्या खोल्या उघडणारी मास्टर किल्ली, ती कुणाच्या हाती लागली की विषय संपला. इथं मास्टर किल्लीच नाही, प्रत्येकाला त्याच्या खोलीची किल्ली मिळते आणि बाकीच्या खोल्या आहेत हेसुद्धा त्याला कळत नाही. सगळ्यांना सारखा दिसणारा एकच फाइलसिस्टिम रूट नसतो, प्रत्येक कंपोनंटचा (प्रोग्रामच्या तुकड्याचा) स्वतःचा नेमस्पेस, म्हणजे त्याला दिसणारी फाइलींची रचना, असतो. यूजर आयडीवर चालणारी परवानगी नाही, फोर्क (प्रोसेसची हुबेहूब प्रत काढणं) नाही, सिस्टिम कॉल (कर्नलला केलेली विनंती) सुद्धा थेट मारता येत नाही, व्हीडीएसओ या कर्नलनंच दिलेल्या लायब्ररीमधूनच जावं लागतं आणि कर्नल ते तपासतो. दोन प्रोसेस बोलतात ते चॅनलवरून, एका मेसेजमध्ये ६४ केबी डेटा आणि ६४ हँडल इतकीच मर्यादा, आणि त्या मेसेजचा आकार एफआयडीएल नावाच्या भाषेत आधी लिहून ठेवलेला, त्यामुळे एक बाजू रस्टमध्ये आणि दुसरी सी प्लस प्लसमध्ये असली तरी बिघडत नाही.

ड्रायव्हर यूजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलच्या बाहेर. इथं मी जरा रेंगाळणार आहे कारण माझं पोट याच्यावर चालतं. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नलच्या आत असतो, त्यात एक चुकीचा पॉइंटर आला की आख्खं मशीन आडवं. झिरकॉनमध्ये तो ड्रायव्हर होस्ट नावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये असतो, मेला तर तेवढाच मरतो, परत उठवता येतो. ऐकायला सोपं वाटतं पण यात दोन मेख आहेत. एक म्हणजे तुमच्या चिपमध्ये आयओएमएमयू (हार्डवेअरनं कुठल्या मेमरीला हात लावायचा ते आवरणारा भाग) नसेल किंवा नीट लावलेला नसेल तर तो बिचारा यूजरस्पेस ड्रायव्हर डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता हार्डवेअरकडून मेमरीत लिहिणं) करून हव्या त्या मेमरीवर लिहू शकतो, मग वेगळ्या प्रोसेसचा सुरक्षेसाठी उपयोग काय. दुसरी म्हणजे प्रत्येक लेअरला प्रोसेस बदलायची म्हटलं की वेळ जातो, म्हणून त्यांनी नवीन ड्रायव्हर फ्रेमवर्कमध्ये एकमेकांशी सतत बोलणारे ड्रायव्हर एकाच होस्टमध्ये बसवायची सोय केली, म्हणजे स्पीडसाठी थोडं वेगळेपण सोडलं. मला ही तडजोड आवडली, ज्यांनी खरंच डिव्हाइस शिप केलंय तीच माणसं अशी तडजोड करतात. पुस्तकी मायक्रोकर्नलवाले (कर्नल शक्य तितका लहान ठेवा म्हणणारे) नाक मुरडतील. मुरडू देत.

बरं, एवढं सगळं करायचं कारण काय होतं? गूगलनं एका वाक्यात कधीच नीट सांगितलं नाही. गूगलमध्ये तेव्हा अँड्रॉइड सांभाळणारे हिरोशी लॉकहायमर २०१९ मध्ये बोलले ते साधारण असं की फोन आणि लॅपटॉप एवढंच डोक्यात नाही, नवनवीन प्रकारची डिव्हाइसं येतायत त्यांच्यासाठी ओएस कसा असावा हे करून बघतोय. त्याच्या आधी २०१८ मध्ये ब्लूमबर्गनं बातमी दिली होती की टीममधल्या लोकांचा इरादा तीनेक वर्षांत घरातल्या कनेक्टेड डिव्हाइसवर आणि पाचेक वर्षांत लॅपटॉपपासून फोनपर्यंत जायचा आहे, शंभरावर माणसं कामाला आहेत. लोकांनी त्यातली पाच वर्षं तेवढी लक्षात ठेवली आणि अँड्रॉइडचा वारस आला म्हणून मोकळे झाले. कंपनीनं असं वचन कधी दिलंच नव्हतं, पण आज जो तो त्याच न दिलेल्या वचनावरून फुशिया फेल गेलं म्हणतो.

कोड बघून कारणं मात्र ओळखता येतात. अँड्रॉइडचं तेव्हाचं मोठं दुखणं अपडेट होतं. चिप कंपनी एका ठरावीक लिनक्स कर्नलवर आपले पॅच मारून देणार, फोन कंपनी त्यावर आपले मारणार, मग तो कर्नल तिथंच गोठला, कारण लिनक्समध्ये ड्रायव्हर आणि कर्नल यांच्यामधला इंटरफेस स्थिर ठेवायचा नाही हे कर्नलवाल्यांचं जुनं धोरण आहे. दोन वर्षांनी फोन म्हातारा. दुसरं दुखणं सिक्युरिटी, सी आणि सी प्लस प्लसमधल्या मेमरीच्या चुका. तिसरं लायसन्स, लिनक्सचं जीपीएल (बदललेला कोडही उघडा करायला लावणारं लायसन्स) नको अशी इच्छा, आणि त्या काळात ओरॅकलबरोबर जावाच्या एपीआयवरून कोर्टात चाललेलं भांडण, त्यामुळे लोक म्हणायचे की जावा आणि लिनक्स दोन्हीपासून सुटका करून घ्यायला हे चाललंय. हे तिसरं मला तेव्हाही पूर्ण पटलं नव्हतं, आणि एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं गूगलच्या बाजूनं निकाल दिल्यावर त्यातला अर्धा जोर तसाही गेला.

आणि इथंच घोडं पेंड खातं. फुशिया ज्या दुखण्यांवर औषध म्हणून बनत होतं त्या दुखण्यांवर गूगलच्याच दुसऱ्या टीम अँड्रॉइडमध्ये राहून इलाज करत होत्या. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर प्रोजेक्ट ट्रेबल आला, त्यानं वरचा फ्रेमवर्क आणि खालचा व्हेंडरचा कोड वेगळा केला. अँड्रॉइड १० मध्ये मेनलाइन आलं, सिस्टिमचे काही भाग प्ले स्टोअरच्या वाटेनं अपडेट व्हायला लागले. मग जीकेआय, म्हणजे सगळ्यांना एकच जेनेरिक कर्नल आणि चिप कंपनीचे ड्रायव्हर बाहेरून मॉड्यूल म्हणून, त्यासाठी ठरावीक कर्नल शाखेत इंटरफेस गोठवून ठेवला. लिनक्सच्या लोकांना हे सगळं फार आवडलं असं नाही, पण चाललं. परिणाम काय, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पिक्सेल ८ आला तो सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन घेऊन, लिनक्सवरच. सिक्युरिटीचंही तेच, नवीन कोड रस्टमध्ये लिहायला लागल्यावर अँड्रॉइडमधल्या मेमरीशी संबंधित त्रुटींचं प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होतं ते २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं, हे गूगलनंच जाहीर केलेले आकडे आहेत. म्हणजे फुशियाचं डिझाइन चुकलं म्हणून ते मागे पडलं असं मला अजिबात वाटत नाही, त्याची गरज त्याच घरातल्या लोकांनी हळूहळू कमी करत आणली, आणि जुनं चालतंय म्हटल्यावर नव्यासाठी कोण जीव टाकणार.

याच्या उलट उदाहरण हुआवेचं बघा. मे २०१९ मध्ये अमेरिकेनं त्यांना व्यापारावर निर्बंध असलेल्या कंपन्यांच्या यादीत टाकलं, गूगलच्या सर्व्हिसेस बंद, मग त्यांना स्वतःचा ओएस करण्यावाचून इलाजच उरला नाही. आधीच्या हार्मनीओएसमध्ये अँड्रॉइडचा कोड होता म्हणून लोक हसले, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये हार्मनीओएस नेक्स्ट आलं ते स्वतःच्या कर्नलवर आणि अँड्रॉइडची ॲप न चालवणारं. टेक्निकली ते झिरकॉनपेक्षा सरस आहे की नाही हा वेगळा वाद, पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी फुशियाकडे कधीच नव्हती, नाइलाज. ॲपवाल्यांना पण नाइलाज, चीनमध्ये एवढे फोन खपतात म्हटल्यावर ॲप परत लिहावंच लागतं. गूगलच्या बाबतीत अँड्रॉइडवर अब्जावारी डिव्हाइस चालू असताना कुठला ॲपवाला फुशियासाठी वेगळी बिल्ड काढणार?

म्हणून मग स्टारनिक्स आलं. हे मला फुशियातलं सगळ्यात रंजक आणि थोडं उदास करणारं प्रकरण वाटतं. कल्पना अशी की लिनक्ससाठी कंपाइल झालेला प्रोग्राम जसाच्या तसा फुशियावर चालवायचा, एम्युलेटर नाही, व्हर्च्युअल मशीन नाही. त्यासाठी झिरकॉनमध्ये रिस्ट्रिक्टेड मोड घातला, लिनक्सचा प्रोग्राम त्या मोडमध्ये पळतो, त्यानं सिस्टिम कॉल मारला की कंट्रोल स्टारनिक्सकडे येतं, स्टारनिक्स हा रस्टमध्ये लिहिलेला यूजरस्पेसमधलाच कोड, तो लिनक्सची विनंती झिरकॉनच्या वस्तूंमध्ये भाषांतर करून पुरी करतो. इंजिनिअरिंग म्हणून सुंदर. पण याचा अर्थ काय झाला बघा, लिनक्सचं ओझं नको म्हणून नवा कर्नल केला आणि आता त्या कर्नलवर लिनक्सचे सगळे सिस्टिम कॉल, त्यातल्या खोडी, प्रोकमधल्या (सिस्टिमची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या) फाइलींचा फॉर्मॅट, सगळं एकेक करून परत लिहा. मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये विंडोजवर लिनक्सचे प्रोग्राम चालवणारं पहिलं डब्ल्यूएसएल आणलं तेव्हा हाच मार्ग होता, आणि २०१९ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत सरळ खरा लिनक्स कर्नल एका हलक्या व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीनमध्ये) घालून टाकला कारण कंपॅटिबिलिटी आणि फाइलींचा स्पीड यात दमछाक होत होती. स्टारनिक्सची रचना पहिल्या डब्ल्यूएसएलपेक्षा स्वच्छ आहे हे खरं, खालचा कर्नल त्यासाठी वाकवता येतो कारण तो आपलाच आहे. पण लिनक्स हे पळतं लक्ष्य आहे, त्याच्या मागे धावणं कधी संपत नाही.

आता शिप काय झालं ते. मे २०२१ मध्ये पहिल्या नेस्ट हबवरचा (गूगलच्या घरात ठेवायच्या स्मार्ट डिस्प्लेवरचा) कास्ट ओएस काढून त्याजागी फुशिया घालायला सुरुवात झाली, पुढच्या वर्षी नेस्ट हब मॅक्स, आणि २०२३ मध्ये दुसऱ्या पिढीचा नेस्ट हब. वापरणाऱ्याला काहीच फरक कळला नाही, कारण वरचा यूआय फ्लटर या गूगलच्या यूआय टूलकिटमध्ये होता तो तसाच राहिला. पत्रकार यावर हसले की एवढं करून काय तर फोटो फ्रेम. मी हसलो नाही. विकल्या गेलेल्या, लोकांच्या टेबलावर बसलेल्या डिव्हाइसचा कर्नलपासून सगळा ओएस इंटरनेटवरून बदलायचा आणि मालकाला कळू द्यायचं नाही हे काम ज्यानं एकदा तरी ओटीए (दुरून पाठवलेलं) अपडेट फसलेलं बघितलंय त्यालाच कळेल काय असतं. फुशियाचं पॅकेजिंग इथं कामाला येतं, प्रत्येक फाइल तिच्या मर्कल हॅशच्या (मजकुरावरून काढलेल्या ठशाच्या) नावानं ब्लॉबएफएस नावाच्या फाइलसिस्टिममध्ये राहते, वाचताना तपासली जाते, म्हणजे अर्धवट किंवा बदललेली फाइल चालणारच नाही.

पण तिथून पुढे गाडी जशी जायला हवी होती तशी गेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये गूगलनं १२,००० लोकांना काढलं आणि फुशियाच्या टीमला कंपनीच्या सरासरीपेक्षा जास्त फटका बसल्याच्या बातम्या आल्या. स्मार्ट स्पीकरवर फुशिया नेण्याचं काम थांबल्याचंही त्याच वर्षी बाहेर आलं. डेस्कटॉपसारखं चालवून बघता येईल असं वर्कस्टेशन नावाचं कॉन्फिगरेशन होतं ते काढून टाकलं. मग पूर्ण क्रोम ब्राउझर फुशियावर आणायचं काम बंद झालं, वेबचं पान दाखवणारं इंजिन राहिलं पण ब्राउझर नाही. हे शेवटचं मला सगळ्यात बोलकं वाटतं. ज्या कंपनीचा लॅपटॉपचा धंदाच ब्राउझरवर उभा आहे ती आपल्या नव्या ओएसवर ब्राउझर नेत नसेल तर लॅपटॉपचा विषय मिटला, कुणी पत्रक काढून सांगायची गरज नाही. आणि जून २०२४ मध्ये उरलंसुरलं स्पष्ट झालं, क्रोमओएस पुढे अँड्रॉइडच्या कर्नल आणि फ्रेमवर्कच्या पायावर बांधणार असं गूगलनं जाहीर केलं, मग २०२५ मध्ये गूगलमध्ये अँड्रॉइड सांभाळणाऱ्या समीर सामत यांनी दोन्ही एकाच प्लॅटफॉर्ममध्ये आणतोय असं सांगितलं. म्हणजे फोन, टॅब्लेट, लॅपटॉप सगळं अँड्रॉइड, सगळं लिनक्स. फुशियाला मोठ्या पडद्यावर जागा होती ती दुसऱ्यानं घेतली.

मग मेलं का? नाही. कोड बघा, तो रोज बदलतोय, आणि देखभालीपुरता नाही. नेटवर्क स्टॅक गो भाषेतला होता तो रस्टमध्ये नव्यानं लिहिला, फाइलसिस्टिम एफएक्सएफएस रस्टमध्ये केली, रिस्क फाइव्ह या खुल्या प्रोसेसर रचनेचा सपोर्ट आला. मरणाऱ्या प्रोजेक्टमध्ये कुणी नेटवर्क स्टॅक परत लिहीत नाही, तिथं सगळे फक्त सिक्युरिटी पॅच लावत बसतात. तेव्हा आत कुणीतरी पैसे देतंय हे नक्की. कशासाठी देतंय याचा अंदाज २०२४ मध्ये अँड्रॉइडच्या कोडमध्ये दिसलेल्या मायक्रोफुशियावरून येतो. अँड्रॉइड १३ पासून फोनमध्ये पीकेव्हीएम नावाचा हायपरवायझर (व्हीएम चालवणारा थर) वापरून संरक्षित छोटी व्हीएम चालवायची सोय आहे, अशी की मुख्य अँड्रॉइडचा कर्नल हॅक झाला तरी त्या व्हीएमची मेमरी वाचता येत नाही. त्या व्हीएममध्ये चालवायला फुशियाची बारीक केलेली आवृत्ती, ते मायक्रोफुशिया.

यावर बऱ्याच जणांनी लिहिलं की बघा, फुशिया आता अँड्रॉइडच्या आत पाहुणा म्हणून राहणार, काय ही अवस्था. मला उलट वाटतं. इथं त्याचे सगळे गुण कामाला येतात आणि एकही दोष आड येत नाही. व्हीएममध्ये ड्रायव्हर लागतात ते व्हर्टिओचे (व्हीएममधल्या आभासी हार्डवेअरचे) चार-दोन, वायफायची झंझट नाही, कॅमेऱ्याची नाही, जीपीयूची नाही. ॲपचं दुकान नको, ॲपवाल्यांची मनधरणी नको. हवं काय तर छोटा कर्नल, काटेकोर परवानग्या, मेमरी-सेफ कोड, आणि जीपीएल नसलेलं लायसन्स जेणेकरून चिप कंपन्यांचे वकील शांत बसतील. मी वर ट्रस्टीचं नाव घेतलं ते याच्यासाठी. कीस्टोर, फिंगरप्रिंट, डीआरएम (व्हिडिओ वगैरेची चोरी रोखणं) असली कामं आज सिक्युअर भागातल्या छोट्या ओएसमध्ये चालतात, तो प्रत्येक चिप कंपनीचा वेगळा असतो, त्यातल्या त्रुटी लवकर बुजत नाहीत. ती कामं संरक्षित व्हीएममध्ये हलवायची म्हटली तर तिथं एक सगळीकडे सारखा ओएस लागणार. हे गूगलनं जाहीर केलेलं नाही, हा माझा आणि या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांचा अंदाज आहे, आणि प्रयोग म्हणून करून सोडूनही देऊ शकतात. पण पैज लावायची झाली तर मी इथं लावेन. एलकेच्या घराण्यातला एक कर्नल फोनमध्ये कुणाला न दिसता आधीच बसलेला आहे, दुसरा बसला तर त्यात नवल काय. मायक्रोकर्नलांचं हे असंच चालत आलंय, क्यूएनएक्स गाड्यांमध्ये आहे, मिनिक्स इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनमध्ये सापडलं, वापरणाऱ्याला पत्ताही नाही. बातमीत मात्र तोच ओएस येतो ज्याचं होमस्क्रीन असतं.

अगदीच बंद झालं तर? तेही शक्य आहे. मायक्रोसॉफ्टचं मिडोरी, तोही असाच एक प्रायोगिक ओएस, आठवत असेल, वर्षानुवर्षं केलं, हुशार माणसं लावली, बाहेर कधी आलंच नाही, पण त्यातले बरेच विचार नंतर सी शार्पमध्ये उतरले. फुशियाचा कोड निदान उघडा आहे, बीएसडी, एमआयटी, अपाची असल्या लायसन्सखाली, त्यामुळे उद्या गूगलनं हात काढला तरी तो कुणालाही उचलता येईल. फक्त उचलणार कोण हा प्रश्न आहे. डिसेंबर २०२० पासून बाहेरच्यांना पॅच पाठवता येतात, पण दिशा ठरवणारे आतलेच, आणि एवढा मोठा ट्री, म्हणजे सगळा कोड, बाहेरच्या चार हौशी माणसांच्या आवाक्यातला नाही.

आता तुमच्या प्रॉडक्टचं. घेऊ नका, आणि याचं कारण फुशिया बंद पडेल ही भीती नाही. तुम्ही चिप घ्यायला जाल तेव्हा विक्रेता तुम्हाला बोर्ड सपोर्ट पॅकेज (त्या चिपसाठीचा तयार कर्नल आणि ड्रायव्हर) देईल ते लिनक्सचं किंवा अँड्रॉइडचं असेल. फुशियाचं मागितलं तर समोरचा इंजिनिअर तुमच्याकडे बघत राहील. मग डिस्प्लेचा ड्रायव्हर तुम्ही लिहिणार, टचचा तुम्ही, वायफायचा फर्मवेअर बोलतो कसा हे एनडीए (गुप्ततेचा करार) सही करून शोधत बसणार, जीपीयूचं तर विचारूच नका. माझ्या बघण्यात एका टीमनं असाच एक नवा, कागदावर सुंदर दिसणारा आरटीओएस (वेळेचं बंधन पाळणारा छोटा ओएस) घेतला होता, नाव सांगत नाही, आणि सगळा वेळ पॉवर मॅनेजमेंटमध्ये गेला, सस्पेंड होऊन परत उठायचं नाव घेईना. नवीन ओएसमध्ये बॅटरी, थर्मल आणि झोपून उठणं या तीन गोष्टी सगळ्यात शेवटी बऱ्या होतात आणि डेमोमध्ये त्या कधीच दिसत नाहीत. त्यात फुशियाचा एसडीके (त्यावर प्रोग्राम लिहायचा टूलसंच) प्रामुख्यानं गूगलच्या स्वतःच्या प्रॉडक्टांना लागेल तसा वाढलेला आहे, तुमच्या अडचणीला धावून येणारा सपोर्ट विकत मिळत नाही, आणि ते काम येणारी माणसं शोधायला गेलात तर बहुतेक सगळी एकाच कंपनीत सापडतील.

तुमच्या टीमला नेमकं काय आवडलंय ते आधी विचारा. मला वाटतं निम्म्यांना फ्लटर आवडलंय आणि ते फुशियाशी जोडलेलं आहे असा समज आहे. फ्लटर साध्या लिनक्सवर चालतं, एम्बेडेड बोर्डवर विंडो मॅनेजरशिवाय पण चालतं, टोयोटानं गाडीतल्या स्क्रीनसाठी घेतलंय. योक्टो या टूलनं बारीक लिनक्स बांधा, वर फ्लटर टाका, ए-बी पार्टिशन (सिस्टिमच्या दोन प्रती) ठेवून अपडेट करा, डीएम-व्हेरिटी (डिस्कवरचा कोड बदललेला नाही ना ते तपासणं) लावा, म्हणजे फुशियाकडून जे हवं होतं त्यातलं पुष्कळ पदरात पडतं. सिक्युरिटी खरंच एवढी महत्त्वाची असेल की लिनक्स कर्नलवर विश्वास ठेवायचा नाही, तर क्यूएनएक्स किंवा एसईएल४ हे मायक्रोकर्नल बघा, तिथं निदान कोणाला फोन करायचा हे माहीत असतं. पडदा लहान आणि काम किरकोळ असेल तर झेफर हा छोटा आरटीओएस.

शिकायचं म्हणाल तर झिरकॉनसारखं सध्या दुसरं फारसं नाही. लिनक्सचा कर्नल वाचायला घेतला की तीसेक वर्षांचा साचलेला इतिहास आडवा येतो, हे असं का तर ते तसं होतं म्हणून. झिरकॉन त्यामानानं तरुण आहे, कोड सी प्लस प्लसमध्ये पण आटोपशीर, आणि डॉक्युमेंटेशन खरंच चांगलं आहे. मोठे निर्णय आरएफसी (चर्चेसाठीचे लेखी प्रस्ताव) म्हणून लिहून ठेवलेत, त्यात नाकारलेले पर्यायसुद्धा असतात, आणि एखादी टीम एखादी गोष्ट का करत नाही हे वाचायला मिळणं ही आपल्या धंद्यात दुर्मिळ गोष्ट आहे. स्टारनिक्सवरची आरएफसी तर नक्की वाचा, वर मी जी कुरकुर केली तिच्यावर त्यांचं उत्तर तिथं आहे. नोकरीच्या जाहिरातीत फुशिया शब्द क्वचित दिसेल, त्यावर जाऊ नका, हँडल, आयपीसी (प्रोसेसचं एकमेकींशी बोलणं), मेमरी ऑब्जेक्ट, यूजरस्पेस ड्रायव्हर हे एकदा डोक्यात बसलं की हायपरवायझर, ऑटोमोटिव्ह, सिक्युअर एलिमेंट सगळीकडे चालतं. आणि रस्ट आलंच त्यात.

तुम्हाला पुढे काय होतंय यावर लक्ष ठेवायचं असेल तर बातम्या सोडा, कोड बघा. नवीन बोर्डांची नावं येतायत का, प्रॉडक्ट कॉन्फिगरेशन वाढतायत की काढली जातायत, स्टारनिक्समध्ये कुठल्या प्रकारचे सिस्टिम कॉल आधी भरले जातायत, अँड्रॉइडच्या बाजूला मायक्रोफुशियाचा कोड हलतोय की धूळ खातोय. पूर्ण क्रोमचं काम थांबलं तेव्हा कुणी घोषणा केली नव्हती, ते कोडमधूनच कळलं होतं.

सुरुवात करताना आख्खा ट्री उतरवून बिल्ड करायच्या भानगडीत पडू नका, डिस्क भरते आणि पहिला उत्साह तिथंच संपतो. आधी एसडीकेचं सॅम्पल घ्या, एफएफएक्स टूलनं एम्युलेटर चालू करा, एक साधा कंपोनंट रस्टमध्ये लिहा, मग मुद्दाम त्याच्या मॅनिफेस्टमधून (त्याला काय काय लागतं त्या यादीतून) एक कॅपॅबिलिटी, म्हणजे एक हक्क, काढून टाका आणि काय तुटतं, लॉगमध्ये काय येतं ते बघा. त्यानंतर दोन कंपोनंट एफआयडीएलवरून बोलते करा, त्यातला एक मधेच मारा. एवढं हाताखालून गेलं की मग झिरकॉनच्या सोर्समध्ये ऑब्जेक्ट नावाच्या फोल्डरमधून वाचायला लागा, आधी हँडल, मग चॅनल, मग व्हीएमओ (मेमरी ऑब्जेक्ट), शेड्युलर सगळ्यात शेवटी ठेवा.